शिवणयंत्रांचा संग्रह: जागा, मांडणी आणि वाटाघाटी

जुन्या शिवणयंत्रांच्या संग्रहाला लागणारी जागा दोन मापांनी मोजतात. एक माप चौरस मीटरचे, दुसरे घरच्या मंडळींच्या सहनशक्तीचे. पहिल्याचा हिशेब सोपा आहे. सिंगरच्या पूर्ण आकाराच्या मशीनचा तळ साधारण ३७ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये कागदावर तरी १५ मशीन बसतात. बिडाचे एक हेड सुमारे १३ किलोचे धरले, तर पंधरांचे मिळून १९५ किलो होतात. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानक प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलोंचा भार धरते. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत, की एका थरापर्यंत मानक संग्राहकाच्या बाजूने आहे असे मानायला हरकत नाही. उरलेल्या पाच किलोंत संग्राहकाने स्वतः कुठे उभे राहायचे आणि उजवीकडे बाहेर येणाऱ्या चाकाचे काय करायचे, हे प्रश्न या आकडेमोडीत सुटत नाहीत. दुसरा थर चढवण्याआधी खालच्या मजल्यावर कोण राहते याची चौकशी करून ठेवावी.

दुसरे माप अवघड आहे. पहिले मशीन आजीची आठवण म्हणून येते. त्याला कोणी हरकत घेत नाही. दुसरे पहिल्याच्या सुट्या भागांसाठी येते. तिसरे स्वस्तात मिळाले म्हणून येते. चौथ्यापासून संग्राहक कारणे द्यायचे थांबतो, आणि शास्त्रीयदृष्ट्या संग्रहाचा आरंभ तिथून धरावा. घरातला विरोधही याच सुमारास सुरू होतो. शिवणयंत्राच्या इतिहासात मात्र तो सौम्य म्हणावा लागेल. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिएने लष्करी गणवेश शिवण्यासाठी उभारलेल्या कारखान्यात १८३१ मध्ये शिंपी घुसले आणि त्यांनी यंत्रांचा चुराडा केला. मराठी घरात प्रकरण बहुधा ‘दिवाळीच्या आत हे सगळं इथून हललं पाहिजे’ यापुढे जात नाही. कोणती दिवाळी हे त्यात स्पष्ट केलेले नसते आणि संग्राहकाने ते विचारूही नये.

वाटाघाटीत थोरांचा दाखला उपयोगी पडतो. यंत्रयुगाबद्दल फारसे बरे न बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र काढले, असे त्यांच्या बोलण्यात आले. दाखला इथेच थांबवावा. पुढे सिंगरच्या चरित्रात शिरल्यास घात होतो, कारण आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये एकस्व मिळवले तसे अनेक संसारही मिळवले होते, तेही एकाच वेळी. जागेचा प्रश्न त्याने इंग्लंडमध्ये पेंटन इथे टोलेजंग वाडा बांधायला काढून सोडवला. वाडा पुरा होण्याआधीच १८७५ मध्ये तो वारला. वन बीएचकेधारकांना या उदाहरणातून काही घेण्यासारखे नाही.

यंत्र घरात आणण्याची पद्धत मात्र सिंगर कंपनीकडून जरूर घ्यावी. कंपनीतला त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली आणि न परवडणारी वस्तू घरोघर गेली. संग्राहकाने पैशाऐवजी मशीनचेच हप्ते पाडावेत. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी लोखंडी स्टँड आणावे. ते ‘कुंडीसाठी’ असते. पुढच्या बुधवारी फळी आणावी, म्हणजे कुंडी सपाट बसते. हेड संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, मालिका सुरू असताना आणावे. लाकडी झाकण सर्वांत शेवटी, उघडपणे, ‘धूळ बसते ना’ असे म्हणत आणावे. मुंबईच्या चोर बाजारातून आणताना लोकलचा विचार करावा: १३ किलोचे हेड मांडीवर घेऊन बसायला मिळाले, तर तो दिवस नोंदवून ठेवण्याजोगा असतो.

घरात आलेल्या यंत्रांपैकी पायमशीन सर्वांत सोयीचे, हे ऐकून नवख्यांना आश्चर्य वाटते. त्याचे हेड बिजागरीवर मागे कलते, फळीखालच्या पोकळीत उतरते आणि वरची झडप मिटली की उरते ते टेबल. टेबलाला संग्रह म्हणत नाहीत. एका घरात टीव्हीखाली एक, देव्हाऱ्याखाली एक, मुलाच्या संगणकाखाली एक आणि पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवायला एक, अशी चार पायमशीन जनगणनेतही सापडणार नाहीत अशी राहू शकतात. देव्हाऱ्याखालचे सर्वांत सुरक्षित. त्याला हलवायचे म्हणजे आधी देवांना हलवावे लागते आणि त्यासाठी सासूबाईंची परवानगी लागते. संगणकाखालच्याचा एक तोटा आहे. मुलगा अभ्यास करताना पायपट्टी हलवत राहतो, चाक फिरते आणि घरभर खडखडाट होतो. तो पाढे म्हणतो आहे की नुसतेच पाय हलवतो आहे, हे मात्र त्यावरून कळते.

हातमशीनला असा वेश घेता येत नाही. त्यांच्यासाठी कडप्प्याच्या मांडण्या उत्तम. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचा कडप्पा पिठाचे आणि तांदळाचे डबे वर्षानुवर्षे पेलत आला आहे. चार हेड त्याला जड नाहीत. जड जातात ती डबे हलवलेल्या माणसाला, कारण मग तांदूळ कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. दिवाणखान्यातल्या शोकेसच्या काचेच्या फळ्यांवर मशीन ठेवू नये. त्या फळ्या बक्षिसांचे करंडक आणि ताजमहालाची प्रतिकृती पेलण्याच्या हिशेबाने केलेल्या असतात. स्लॉटेड अँगलचा रॅक मजबूत, स्वस्त आणि कुरूप असतो. तो घेतल्यास संग्रह घरात आहे की गोदामात, ही शंका पाहुण्यांना येते आणि घरच्यांना येत नाही.

पलंगाखालची जागा मोहात पाडते. झाकणासह हातमशीन ३० सेंटिमीटरच्या वर जाते, तेव्हा आधी टेपने मोजावे. खाट विटांवर चढवून उंची वाढवण्याची जुनी पद्धत चालते, पण खाटेवर चढण्यासाठी मग स्टूल लागते आणि स्टुलाच्या जागी आणखी एक मशीन बसले असते. माळ्याबद्दल तज्ज्ञांचे एकमत आहे: वर चढवताना दोन माणसे लागतात, उतरवताना तीन, आणि तिसरा माणूस कधीच वेळेवर येत नाही. शिवाय बऱ्याच घरांत माळा न्हाणीघराच्या वर असतो, तिथली ओल मशीनला मानवत नाही. जिन्यातल्या चौकात ठेवलेले मशीन दोन आठवड्यांत सोसायटीच्या सूचना फलकावर जाते. सेक्रेटरीला टाके घालायची हौस असेल, तर चार आठवडे मिळतात.

आता हवामान. कोकणपट्टीत आणि मुंबईत जूनपासून पुढचे चार महिने संग्राहकाची खरी परीक्षा असते. काळा रंग टिकतो. गंजतात ते उघडे पोलादी भाग: सुईखालची सरकती पट्टी, दाबपट्टीची दांडी, चाकाची चकचकीत कड. नवखे लोक मशीन प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. आत कोंडलेली दमट हवा तिथेच राहते आणि दसऱ्याला गाठ सोडली की आतून तपकिरी मशीन निघते. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे वेष्टण बरे. झाकणाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून मिळणाऱ्या या पुड्या साठवणे हा पुढे वेगळा संग्रह होतो, त्याची जागा या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

तेलाचा विषय निघाला की घरातले सर्वांत अनुभवी माणूस खोबरेल सुचवते. त्यांच्याशी वाद घालू नये आणि त्यांच्या हाती मशीनही देऊ नये. खोबरेल हिवाळ्यात थिजते, पुढे डिंकासारखे चिकट होते आणि चाक जागचे हलत नाही. जुन्या बाजारात ‘जाम आहे’ म्हणून फेकल्या भावात मिळणाऱ्या मशीनच्या पोटात पुष्कळदा कोणाच्या तरी प्रेमाने घातलेले खोबरेलच असते. रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवले, सकाळी फडक्याने पुसले आणि मशीनचे पातळ तेल घातले, की अर्धशतक गप्प बसलेले मशीन कुरकुरत फिरू लागते. रॉकेल आता सहज मिळत नाही. ते कोणाकडे आहे हे ज्ञातिबांधवांत कुजबुजत सांगितले जाते.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे सोनेरी नक्षी. जुन्या सिंगरवर काळ्या रंगावर नक्षीची चित्रे चिकटवून वर पारदर्शक रोगणाचा थर दिलेला असे. एका प्रसिद्ध नक्षीत चक्क इजिप्तचे स्फिंक्स आहेत. हे रोगण पुष्कळदा लाखेचे असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाने मशीन पुसणाऱ्याच्या फडक्यावर आधी काळसर पिवळा डाग येतो, मग सोने येते. किंचित तेल लावलेले मऊ कापड पुरे. काम करणाऱ्या मावशींना हे आधी सांगून ठेवावे. त्या हुशार असतात आणि सगळे चकचकीत करण्यावर त्यांचा विश्वास असतो.

प्रदर्शनाचा पहिला नियम चाकाचा. सुई डावीकडे, चाक उजवीकडे असते, म्हणून प्रत्येक मशीनच्या उजवीकडे वीतभर मोकळी जागा सोडावी, नाहीतर एकाचे चाक शेजाऱ्याच्या टोकाशी भिडते. त्या डाव्या टोकालाच पुष्कळ जुन्या मशीनवर कोरीव नक्षीची निकेल केलेली पट्टी असते. ती भिंतीकडे वळवून ठेवणारा संग्राहक बहुधा व्यापारी असतो. ऑलसेंट्स या ब्रिटिश कपड्यांच्या दुकानांनी काचेमागे मशीनच्या रांगांवर रांगा रचून ठेवल्या. त्या भव्य दिसतात, पण तिथे कोणाला झोपायचे नसते. घरी डोळ्यांच्या उंचीवर तीन-चार मशीन पुरेत. पश्चिमेच्या खिडकीत एकही नको.

निवड करताना रंगावर जाऊ नये, फरकावर जावे. लांबट होडीसारखे शटल असलेले एक मशीन, गोल बॉबिनचे एक, आणि सिंगरच्या १५ नंबरच्या धर्तीवरची कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगची एक उषा, एवढ्यातही शिवणयंत्राची बरीचशी गोष्ट सांगून होते. होडीचे शटल पट्टी सरकवून दाखवावे. ते पुढे-मागे झुलताना पाहिले की सहा वर्षांचे मूल आणि साठीचा इंजिनिअर दोघेही सारख्याच आवाजात ‘परत फिरवा’ म्हणतात. सिंगरच्या क्रमांकावरून मशीन कोणत्या काळातले ते कळते. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला १८८५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यातले असेल, तर तेही सांगावे: तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, तरी शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही ‘सिंगर’च आहे. इतकी माहिती पुरते. यापुढे सांगू लागल्यास पाहुणे घड्याळ पाहतात.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘चालतं का?’ याला उत्तर म्हणून कापडाचा तुकडा आणि दोरा तयार ठेवावा, कारण चालणारे मशीन घरातली वस्तू असते आणि न चालणारे अडगळ; या एका भेदावर संग्रहाचे भवितव्य ठरते. परकराची शिवण उसवली, पडद्याची पट्टी दुमडायची राहिली, तर दर वेळी वेगळे मशीन काढावे. दुसरा प्रश्न, ‘याचे किती येतील?’ २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो अशी अफवा उठली, लोक सुईजवळ मोबाईल धरून पारा तपासू लागले आणि किमती आभाळाला भिडल्या. आपल्याकडेही एखादा जण मधूनच खिशातून फोन काढून मशीनजवळ नेतो. त्याला चहा द्यावा, पत्ता देऊ नये. तिसरे पाहुणे धोक्याचे. ते प्रश्न विचारत नाहीत. ‘आमच्या आईकडे पण होतं असंच, माळ्यावर पडलंय, तुम्हीच घेऊन जा,’ म्हणतात. संग्राहकाची कीर्ती वाढते तशी अशी फुकटची मशीन वाढतात आणि मोकळी केलेली प्रत्येक जागा आठवड्याच्या आत भरते. जागा शोधणे हेच जागा संपण्याचे मुख्य कारण आहे, हे अनुभवींना ठाऊक असते; पण ते नवख्यांना सांगत नाहीत, कारण नवखे हेच त्यांचे गिऱ्हाईक असतात.

सगळा संग्रह एकाच वेळी मांडण्याचा आग्रह धरू नये. लंडनच्या शिवणयंत्र संग्रहालयात सहाशेहून अधिक यंत्रे आहेत, आणि तेदेखील अनेक वर्षे महिन्याच्या पहिल्या शनिवारीच उघडत आले आहे. घरच्या संग्रहाला खंडेनवमी योग्य. त्या दिवशी हत्यारे-अवजारे पुजायची असल्याने पलंगाखालचे, कडप्प्यावरचे आणि देव्हाऱ्याखालचे सगळे नग ओळीने बाहेर काढता येतात आणि कोणी आक्षेप घेऊ शकत नाही. हळदकुंकू हेडवर न लावता स्टँडला लावावे. झेंडूची माळ चाकाला घालावी, सुईच्या दांडीला नव्हे.

एवढे करूनही जागा संपलीच, तर मशीन नातेवाइकांकडे ठेव म्हणून पाठवावीत. नवीन फ्लॅट घेतलेल्या भाचीला वास्तुशांतीला पायमशीन द्यावे. ते परत मागता येते आणि तोवर त्यावर तिची झाडे राहतात. हलवताना आधी चामड्याची वादी काढावी, मग बिजागऱ्यांचे स्क्रू सैल करून हेड वेगळे उचलावे, आणि स्टँड दोघांनी बाजूंना धरून न्यावे. पायपट्टीला धरून उचलल्यास चाक फिरते आणि बोट सापडते. स्क्रू बॉबिनच्या डबीत घालून डबी खिशात ठेवावी, टेम्पोत नाही. भाचीला फोन करावा, पण टेम्पो तिच्या सोसायटीच्या फाटकात शिरल्यावर: नको म्हणायला तिला वेळ मिळू नये आणि लिफ्ट धरून ठेवायला जावईबापू खाली यावेत, इतकाच वेळ आधी.