आपल्याकडून ओके आहे

संशोधन संस्थेत विश्वाचा विचार करणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात आणि त्यांना उरलेल्या जगाशी जोडून देणारा माणूस तळमजल्यावर, जनरेटरशेजारच्या खोलीत. कागदोपत्री हुद्दा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. बोलायला सर्व्हरकाका. संचालक वयानं मोठे असूनही त्यांना काकाच म्हणतात, कारण संचालकांचाही पासवर्ड काकांच्याच हातात असतो. अंगात बारमाही स्वेटर. एसी सर्व्हरसाठी असतो, पण सर्व्हरला सोडून काकांना करमत नाही. आणि समोर कुणीही आलं तरी चेहऱ्यावर एकच भाव: आता काय बिघडवून आलात?

आंतरराष्ट्रीय सहकार्याची बातमी पेपरात येते तेव्हा फोटोत दोन देशांचे प्राध्यापक सह्या करत असतात. सह्यांची शाई वाळते न वाळते तोच आपल्याकडचे प्राध्यापक जिना उतरून खाली येतात.

"काका, जर्मनीला थोडा डेटा पाठवायचाय."

"थोडा म्हणजे?"

"१२ टेराबाइट असेल. संध्याकाळपर्यंत गेला तर बरं."

काका शांतपणे कॅल्क्युलेटर काढतात. एक गिगाबिटची लाइन अख्खी मोकळी मिळाली, तरी २७ तास. आणि मोकळी कुठली मिळायला? हॉस्टेलची पोरं आहेत, क्रिकेटचा सीझन आहे. प्राध्यापक मात्र अस्वस्थ. गंमत बघा, हा डेटा कशाचा? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या मृत ताऱ्यांचे, म्हणजे स्पंदकांचे, ठोके मोजतात. २०२३च्या जूनमध्ये भारतीय-जपानी गटानं आणि युरोपातल्या गटानं मिळून जाहीर केलं, की या ठोक्यांत अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसताहेत. त्यासाठी युरोपातल्या दुर्बिणींची जवळपास २५ वर्षांची निरीक्षणं आणि खोडदची साडेतीन वर्षांची एकत्र करावी लागली. या लहरीचं एक आंदोलन पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तेवढं थांबायची ज्यांची तयारी असते, त्यांना फाइल जाईपर्यंत मात्र दम धरवत नाही.

वेळेच्या बाबतीतही तेच. हीच मंडळी स्पंदकाचा ठोका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत पकडतात. पण कॅलिफोर्नियात सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे किती, हे दर वेळी काकांनाच विचारतात. थंडीत रात्रीचे साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ पुढे करते, की साडेआठ. युरोप तेच काम मार्चच्या शेवटच्या रविवारी करतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिघांच्या घड्याळांचा एकमेकांशी मेळ नसतो. त्या काळात एक प्राध्यापक तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात, तर दुसरे सगळे निघून गेल्यावर हजर होऊन "मला ऐकू येतंय का?" विचारतात. काका या दिवसांना पितृपक्ष म्हणतात. या दिवसांत ते नवं काही सुरू करत नाहीत.

काकांना मनापासून आवडणारी गोष्ट एकच, एड्युरोम. युरोपात सुरू झालेली ही वायफायची व्यवस्था आता शंभराहून जास्त देशांत आहे. हायडेलबर्गचा पाहुणा आपल्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडतो, तेव्हा आपला सर्व्हर त्याला ओळखत नाही. तो निरोप पाठवतो. देशाच्या सर्व्हरकडून वर, तिथून पाहुण्याच्या देशाच्या सर्व्हरमार्फत त्याच्या विद्यापीठात. मुलगा तुमचाच ना? उत्तर येतं, आमचाच, सोडा आत. पासवर्ड खरा की खोटा, हे मुलाच्या घरचे बघतात. आपल्याला तो दिसतसुद्धा नाही. स्थळाची चौकशी करतात तशी ही चौकशी चहा यायच्या आत आटोपते. काका म्हणतात, माणसांनी एवढ्या नीट चौकशा केल्या असत्या तर कितीतरी संसार वाचले असते.

एरवी त्यांचा कुणावरही विश्वास नाही. सहकार्य विश्वासावर चालतं, असं वरच्या मजल्यावरची भाषणं सांगतात. काकांकडे विश्वासाला मुदत असते. तिकडच्या संगणकांत शिरू देणारं ग्रिडचं प्रमाणपत्र साधारण वर्षभराचं, आणि ते शोधनिबंधाच्या अंतिम तारखेच्या आदल्या रात्रीच संपतं. मुदत संपत आल्याची ईमेल महिनाभर येत असतात, पण त्या वाचल्या तर ते प्राध्यापक कसले! मग रात्री अकराला फोन. "काका, तिकडचं मशीन आत घेत नाहीये." काका चार ओळी टाइप करतात आणि आपलं ब्रीदवाक्य उच्चारतात: "आपल्याकडून ओके आहे. तिकडून बघायला सांगा."

तिकडेही एक काका असतातच. जर्मन, बहुधा स्वेटरमधलेच. तेही तेवढ्याच निष्ठेनं लिहितात, आमच्याकडून ओके आहे. दोघांच्या मध्ये हजारो किलोमीटर केबल पसरलेली, आणि बिघाड नेमका तिच्यातच कुठंतरी, जिथं दोघांचीही हद्द नाही. हे दोघं कधी भेटलेले नाहीत, पण माझ्या मते करारातला खरा स्नेह इथंच आहे. त्या जर्मन काकांनी एकदा अदबीनं विचारलं होतं, की तुमचे सर्व्हर दर गुरुवारी बंद का असतात? काही धार्मिक कारण आहे का? पुण्यात गुरुवार हा वीज देखभालीचा वार, हे त्यांना कोण समजावणार! काकांनी होय म्हणून टाकलं. तेव्हापासून तिकडून गुरुवारी एकही मीटिंग लागत नाही, आणि संस्थेत या निर्णयाचं श्रेय अजून तिघं घेतात.

परवा मोठा निबंध छापून आला. लेखकांची नावंच दोन पानं. शेवटी आभारात एक ओळ, संगणक विभागाचेही आभार. प्राध्यापक पेढे घेऊन खाली आले आणि ती ओळ बोट ठेवून दाखवू लागले. काकांनी पेढा तोंडात टाकला, ओळ सोडून खाली सरकले आणि डेटा कुठं मिळेल त्या दुव्यावर थांबले.

"सर, ही तुमची खासगी ड्राइव्ह आहे."

"हो, तात्पुरती. का?"

"फुकटची १५ जीबी. त्यात मुलीच्या लग्नाचे फोटोही दिसताहेत. जगभरातून उघडले असतील."

"पण मग आता?"

"आपल्याकडून ओके आहे, सर. तिकडून छान आलेत म्हणताहेत."