आवाज येतोय का?

लॅपटॉप टीव्हीला जोडताना पडद्यावर काहीच दिसत नसलं, तर घरातली माणसं फार समजूतदारपणे वागतात. "चाललंय त्याचं काहीतरी," म्हणून चहा घेतात. पण चित्र दिसलं आणि आवाज आला नाही, की हॉलमधल्या प्रत्येकाच्या अंगात इंजिनिअर संचारतो. मामा म्हणतात, वायर उलटी लावून बघ. काकू म्हणते, रिमोटचे सेल गेले असतील. शेजारचे काका "आमच्याकडे तर झटक्यात लागतं" एवढंच सांगायला आत येतात आणि चहाला थांबतात.

पूर्वी निदान चित्र आणि आवाज वेगळे आहेत हे डोळ्यांना दिसायचं. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्याची. पिवळी चुकून पांढऱ्याच्या भोकात गेली, तर टीव्ही घुर्रर्र करून निषेध नोंदवायचा आणि आपल्याला चूक कळायची. कम्प्युटरकडे व्हीजीए होतं. दूरदर्शनवर रामायण सुरू झालं त्याच १९८७ साली आयबीएमने ते आणलं. पंधरा पिना, दोन्ही कडांना पिळायचे स्क्रू आणि आवाजाच्या नावाने शून्य. आवाज हवा असेल तर इअरफोनच्या भोकातून दुसरी वायर ओढायची.

मग डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय आलं. एकोणीस पिना, एकच वायर, चित्र आणि आवाज दोन्ही आत. सोनी, फिलिप्स, तोशिबा वगैरे सात कंपन्यांनी एकत्र बसून हे ठरवलं. सात कंपन्यांचं एकमत होऊ शकतं, हे आमच्या हॉलमध्ये बसून कुणाला खरं वाटणार नाही.

अर्थात जगातली व्हीजीएवाली यंत्रं २००२ साली मेली नाहीत. आमच्या जुन्या लॅपटॉपसाठी मी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो.

"व्हीजीए टू एचडीएमआय आहे का?"

"व्हीजीए कशाला? लॅपटॉपला की टीव्हीला?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं. "एकेरी असतं ते. उलटं लावलंत तर नुसता दिवा लागेल."

"लॅपटॉपला. जरा जुना आहे."

"ते कळलंच." त्यांनी काडेपेटीएवढी डबी काउंटरवर ठेवली. तिला दोन शेपट्या होत्या. "ही यूएसबीत, करंटसाठी. ही इअरफोनच्या भोकात, आवाजासाठी. व्हीजीएतनं आवाज जात नाही. आवाज येत नाही म्हणून परत आणायची नाही."

नवा लॅपटॉप आला तेव्हा वाटलं, आता प्रश्न मिटला. वायर खोचली की टीव्ही त्याच वायरीतून लॅपटॉपला आपली माहिती धाडतो: रुंदी किती, उंची किती, आवाज झेपतो का. थोडक्यात, पत्रिका. ती जुळली की चित्र उमटतं. फक्त कुठलं चित्र, हे आपण सांगायचं असतं. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं की चार पर्याय येतात. त्यातला 'एक्स्टेंड' लागला, तर टीव्हीवर निळं आकाश नि हिरवा डोंगर एवढंच येतं आणि मामा म्हणतात, "लागलं! पण हे महाबळेश्वर कशाला?" 'डुप्लिकेट' लागला, तर लॅपटॉपवरचं जसंच्या तसं टीव्हीवर दिसतं. त्यात कोपऱ्यात टपकणारा "पाहुणे गेले का?" हा मेसेजही आला. तो पाहुण्यांनी त्रेचाळीस इंची अक्षरांत वाचला.

वर काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठंच फेकायचे, म्हणजे कडेची ओबडधोबड बाजू झाकली जायची. काच गेली, सवय राहिली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेपर्यंत घड्याळ आणि टास्कबार अज्ञातवासात असतात.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली आत्याच्या नातवाच्या बारशाला. बारसं न्यू जर्सीत, आत्या पुण्यात. तिकडे शनिवारची संध्याकाळ, इकडे रविवारची सकाळ. आत्या पैठणी नेसून टीव्हीसमोर, मागे दोन रांगा गोतावळा. टीव्हीवर पाळणा आला, फुलं आली, सूनबाई आल्या. आवाज मात्र टीपॉयवरून येत होता. सूनबाई भिंतीवर हसत होत्या आणि बोलत होत्या चिवड्याच्या बशीमागून. आत्या नमस्कार कुणाचा घ्यावा या संभ्रमात आधी भिंतीकडे, मग बशीकडे बघत राहिली.

उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारून, लॅपटॉपच्या नावाऐवजी टीव्हीचं नाव निवडलं, की आवाज भिंतीवर चढतो. एवढंच. तो चढला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्या टाळ्या न्यू जर्सीला जाऊन परत आल्या. टीव्हीचा दणदणीत आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरत होता, आणि पलीकडचा प्रत्येकजण स्वतःचं बोलणं दुसऱ्यांदा ऐकत होता. "तुमच्याकडे कुणीतरी म्यूट करा," अशी विनवणी दोनदा ऐकू आली. मी माइक बंद केला.

"आणि तुम्ही सगळे तिकडे कुठे बघताय?" सूनबाईंनी विचारलं. आम्ही बघत होतो टीव्हीकडे. कॅमेरा होता टीपॉयवरच्या लॅपटॉपला. अमेरिकेत आमच्या घराण्याचे फक्त डावे कान पोचत होते.

तेवढ्यात आत्याने डोळे मिटून पाळणा म्हणायला घेतला. माइक बंद आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तर काकूने मला डोळ्यांनीच गप्प केलं. आत्याने सगळी कडवी म्हटली, खालच्या पट्टीत सुरू करून वरच्या पट्टीत संपवली. तिकडे शेवटी कडकडून टाळ्या झाल्या. "काय आवाज आहे हो आई तुमचा अजून!" सूनबाई म्हणाल्या.

तेव्हापासून आत्या मोबाइलवर बोलायला राजी नसते. तिकडे कुणाचा वाढदिवस असला की तिचा निरोप येतो: "त्याला म्हणावं वायर घेऊन ये. टीव्हीवरनं माझा आवाज फार छान जातो."