काळजीवाहू साडूभाऊंस अनावृत पत्र

मयूर विहार, दिल्ली

श्री. रा. रा. साडूभाऊ, मुक्काम नोएडा, पश्चिमेला बाल्कनी असलेला उंचावरचा फ्लॅट, यांसी सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितो आहे, कारण खासगी पत्र तुम्ही आधी सॅनिटायझरने पुसून मग वाचाल आणि तोवर शाई गेलेली असेल. दुसरं कारण असं, की तुमच्यासारखे कर्तबगार लोक द्वारकेपासून गुरुग्राम-गाझियाबादपर्यंत घरोघरी आहेत. त्यांनाही आपला आदर्श कळावा.

उन्हाळाभर मी पुण्यात होतो आणि माझी लेस पॉल गिटार तुमच्याकडे होती. ‘ठेवायला’ दिली होती. परत घ्यायला आलो तेव्हा तुम्ही ती दारातच पुढे केलीत आणि म्हणालात, “देख लो, चमका दी!” दिल्लीत बरीच वर्षं काढलेला मराठी माणूस अभिमानाच्या क्षणी हिंदीत बोलतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे मी समजलो, की काहीतरी भयंकर घडलं आहे.

तुम्ही राजधानीच्या परिसरात राहता, रोज वर्तमानपत्र वाचता. काळजीवाहू सरकार म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानं रोजचा गाडा हाकायचा असतो, धोरणात्मक निर्णय घ्यायचे नसतात. आपण मात्र एका उन्हाळ्याच्या कार्यकाळात सफाई, पॉलिश, सूर्यस्नान, वातानुकूलन आणि स्थलांतर अशी पाच खाती धडाडीनं चालवलीत. सहाव्या खात्याची निविदाही काढली होतीत, तिच्याकडे मी शेवटी येतो.

आधी आपण ज्याला ‘वरचं पॉलिश’ म्हणता त्याची ओळख करून देतो. ते नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे. कुळ मोठं आहे आणि स्वभाव तापट. 1846 मध्ये बाझलच्या श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया जाहीर केली, तेव्हा तो कापूस बंदुकीच्या दारूसारखा उडाला. नायट्रोजनचं प्रमाण कमी ठेवलं, की त्याच कापसापासून स्फोटकाऐवजी लॅकर होतं. त्यात कापूर मिसळून हायट यांनी अमेरिकेत सेल्युलॉइड केलं आणि पुढे सिनेमाची फिल्म त्याच घराण्यात जन्मली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला तो याच नायट्रेट फिल्मवर. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि आपल्या आरंभीच्या सिनेमाचा मोठा ठेवा काही वेळात राख झाला. हे घाबरवायला सांगत नाही. वाळलेल्या गिटारचा काही स्फोट होत नाही. फक्त हा पदार्थ कोणाशीही कसाही वागलेला खपवून घेत नाही, एवढंच लक्षात घ्या.

गिटारवर तो आला मोटारींमुळे. पूर्वी मोटारीचा रंग वाळायला दिवसच नव्हे, आठवडे लागत. ड्युपॉन्टनं 1923 मध्ये ‘ड्यूको’ आणलं, पुढच्याच वर्षीच्या ओकलंड मोटारींना ते लागलं आणि वाळण्याचं काम तासांवर आलं. कारखानदाराला दुसरं काय हवं? गिटारवाल्यांनीही तेच उचललं. फेंडरनं तर मोटारींच्या रंगपत्रिकेतले रंगच गिटारींना दिले. तुमच्या कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात कपाटाच्या दारांना जो ‘ड्यूको’ मारून मिळतो, त्याचा पणजोबा तो हाच. साठच्या दशकात फेंडर पॉलिएस्टरकडे वळली. माझी लेस पॉल बनवणारी गिब्सन मात्र आजही नायट्रोला धरून आहे.

आता मुद्द्याचं. नायट्रो वाळतं, पण शिजत नाही. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचे रेणू वाळताना एकमेकांत गुंततात, त्यांचं कवच तयार होतं, मग थिनरनं पुसलं तरी ते सहसा विरघळत नाही. नायट्रोतलं द्रावक नुसतं उडून जातं. ते परत भेटलं, की थर पुन्हा मऊ व्हायला तयार! याच गुणामुळे नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, ओरखडा बुजवता येतो, दुरुस्ती दिसत नाही. आणि याच गुणामुळे आपल्यासारखा उत्साही माणूस त्याला घातक ठरतो.

नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. झाड तोडलं तेव्हाच तो प्रश्न निकाली निघाला. माझी तक्रार आवाजाबद्दल नाहीच.

आता आपली कामगिरी खातेनिहाय पाहू.

सफाई खातं. कोविडच्या काळात घेतलेला सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन संपवायची संधी आपण शोधत होतात. ती गिटारच्या मानेवर मिळाली. हातावरचे जंतू मारायला सत्तर टक्के अल्कोहोल उत्तम. लॅकरवर मात्र ते चकाकी खातं, पांढुरके डाग पाडतं आणि थर चिकट करतं. आता माझा अंगठा मानेवरून सरकत नाही, रेंगाळतो. तरी बरं, की डासांसाठी बाहेरून मागवलेलं डीईटीचं मलम चोळलेल्या हातांनी आपण ती वाजवली नाहीत. ते रसायन लॅकर आणि प्लॅस्टिक दोन्ही विरघळवतं. वाजवता येत नसल्याचा हा एवढाच फायदा झाला.

पॉलिश खातं. मोटारीच्या डॅशबोर्डवर मारायचं सिलिकॉनचं पॉलिश आपण गिटारला दिलंत. चमक आली, मान्य. पण सिलिकॉन बारीक भेगांत आणि स्क्रूच्या भोकांत शिरून बसतं. पुढे कोणी तिथे लॅकरचा थेंब टाकला, की तो पसरण्याऐवजी मागे सरतो आणि खळगे पडतात. रंगारी त्याला ‘फिश आय’ म्हणतात. म्हणजे आपण सफाई तर केलीतच, शिवाय पुढच्या दुरुस्तीचीही वाट अडवलीत. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

सूर्यस्नान खातं. “काचेच्या आतच तर होती!” हे आपलं म्हणणं. साधी काच अतिनील किरणांतला एक भाग अडवते, बराचसा आत येऊ देते. नायट्रो त्यानं पिवळं पडतं, रंग उडतात. 1958 ते 1960 या काळातल्या लेस पॉलचा लाल रंग उन्हात असाच उडाला. कुठे तांबूस उरला, कुठे नुसता लिंबाळ पिवळा. आज त्या गिटारींना कोटींत किंमत येते. आपण ते सारं एका मे महिन्यात उरकायला निघालात. फक्त 1959 हे साल तेवढं आपल्याला आणता आलं नाही.

वातानुकूलन खातं सर्वांत कार्यक्षम निघालं. खोलीच्या एसीचं मूळ तापमान 24 अंश असावं, असा नियम जानेवारी 2020 पासून आहे. आपण एसी 18 वर चालवता, कारण वीज आपल्या सोसायटीची आणि घाम आपला. आणि स्थलांतर खातं असं, की गिटार दुपारी मोटारीच्या डिकीतून गुरुग्रामला ‘मित्रांना दाखवायला’ नेलीत, तापलेलीच परत आणलीत आणि एसीच्या झोतासमोर उभी केलीत. थंड होताना लॅकर लाकडापेक्षा जास्त आकसतं. त्यात मिसळलेला मऊपणा आणणारा घटक वर्षानुवर्षं हळूहळू निघून गेलेला असतो, त्यामुळे जुना थर ताणला जात नाही, तडकतो. माझ्या गिटारच्या पोटावर आता रेषांवर रेषा आहेत, बहुतेक लाकडाच्या रेषेला आडव्या. 29 मे 2024 ला मुंगेशपूरच्या केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली होती, आठवतं? नंतर हवामान खात्यानं सांगितलं, की यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. लॅकरच्या बाबतीत अशी चौकशी समिती बसत नाही. जो फरक पडला तो पडला.

आणि हे सगळं सोसून ती कुठे विसावली होती? आपण आणलेल्या मऊमऊ फोमच्या स्टँडवर. “लकडी को चोट न लगे” म्हणून. तो फोम, ते रबर, ती प्लॅस्टिकची नळी यांना मऊ ठेवणारं रसायन संपर्कातल्या नायट्रोत शिरतं आणि त्यालाही मऊ करतं. गिटार उचलली तर स्टँडच्या दोन्ही हातांचे ठसे तिच्या अंगावर. पोलिसांनाही इतके स्पष्ट ठसे क्वचित मिळतात.

आपला बचाव मला ठाऊक आहे. गिटारवादक रोरी गॅलगरच्या 1961 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरचा बराचसा रंग उडालेला, तरी तिचं केवढं नाव! खरं आहे. पण तो रंग त्याच्या घामानं, रंगमंचावर, वर्षानुवर्षं वाजवून गेला. डॅशबोर्डच्या पॉलिशनं नाही. फेंडर 1995 पासून मुद्दाम झिजवलेल्या ‘रेलिक’ गिटारी विकते, गिब्सनच्या मर्फी लॅबमध्ये लॅकरला मुद्दाम भेगा पाडतात आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात, हेही खरं. आपल्यात ती गुणवत्ता आहे. फक्त ते लोक स्वतःच्या मालावर काम करतात.

आता त्या सहाव्या खात्याबद्दल. “कीर्तीनगरचा माणूस आहे, पूर्ण घासून पीयू मारून देईल, एकदम नई,” असं आपण उदारपणे सुचवलंत. जुन्या गिटारचं मूळ लॅकर घासून काढलं, की बाजारात तिची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा खरेदी-विक्री करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. शिवाय पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, जाड कवच चढल्यावर नायट्रोत होते तशा विरघळत्या दुरुस्तीची सोय जन्मभरासाठी गेली. त्या कारागिराचा हात चांगलाच असेल. पण त्यानं कपाटं करावीत. कपाट नवं दिसावं म्हणूनच घेतात.

गिटार जाणकाराकडे दिली आहे. तो भेगांना हात लावणार नाही, कारण त्या लॅकरच्या वयाचा भाग आहेत. चिकट झालेली मान आणि स्टँडचे ठसे तेवढे पाहील. पण आत्ता नाही. पावसाळी हवेत लॅकर फवारलं, तर उडणारं द्रावक पृष्ठभाग थंड करतं, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि थर पांढरा पडतो. दिल्लीत पाऊस सरल्यावर आणि धुरकं उतरण्याआधी ऑक्टोबरचे थोडे दिवस मिळतात. ते हुकले तर फेब्रुवारी-मार्च. त्यातही होळी येते आणि तेव्हा आपण पिचकारी घेऊन भेटायला येता.

तोवर, कोणाचीही नायट्रोची गिटार पुन्हा आपल्या ताब्यात आली, तर ही आचारसंहिता लागू समजावी. वाजवून झाल्यावर घाम पुसायला मऊ, कोरडं सुती फडकं, जुन्या धोतराचं असेल तर उत्तम. मळ हटत नसेल तर तोंडाची वाफ सोडून पुसावं. तरीही हटला नाही, तर फडक्याला किंचित नॅप्था, म्हणजे लायटरमधलं पेट्रोल, खिडकी उघडी ठेवून आणि शेगडी-देवघर लांब ठेवून. अल्कोहोल, थिनर, काच पुसायचा निळा द्रव आणि सिलिकॉन यांना प्रवेश बंद. गिटार स्टँडवर नव्हे, पेटीत ठेवावी. तिचा पट्टा काढून ठेवावा, विशेषतः रेक्झिनचा, कारण तोही फोमचाच भाऊ. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आतल्या कपाटात आडवी ठेवावी. आर्द्रता 45 ते 55 टक्के राहील अशी पुडी पेटीत असावी, कारण मे महिन्याची लू आणि श्रावणाची चिकचिक ही एकाच शहराची दोन टोकं आहेत. जानेवारीच्या रात्री बाहेरून आणली, तर पेटी काही तास बंदच ठेवावी, म्हणजे लाकूड आणि लॅकर दोघंही सावकाश खोलीच्या तापमानाला येतील. या कलमांतली बहुतेक ‘करू नये’ या सदरातली आहेत, हे आपल्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नसेल. त्यामुळेच ती आपल्याला जड जाणार.

भरपाई मी मागत नाही. साडूकडे मागितलेले पैसे दोन बहिणींच्या मधून प्रवास करतात आणि वाटेत त्यांचा दिवाळीचा सेट होतो. त्याऐवजी एक कबूल करा. पुढच्या वर्षी आपण सहकुटुंब अमेरिकेला लेकाकडे जाल, तेव्हा आपली नवी मोटार माझ्याकडे ठेवा. मी ती सावलीत उभी करीन, अधूनमधून सुरू करीन आणि याव्यतिरिक्त काहीही करणार नाही. धूळ बसेल, कबुतरं येतील, सोसायटीचे लोक नावं ठेवतील. आपण फोनवरून कितीही गयावया केलीत, तरी फडकं हातात घेणार नाही. काळजीवाहू म्हणजे काय, ते आपल्याला बोनेटवर बोटानं लिहून दाखवता येईल इतकी धूळ मी जपून ठेवीन.

कळावे. लोभ असावा, पण गिटारीवर नसावा, ही विनंती.

आपला,
साडू