सोलर बसलं, तरी बिल आलंच म्हणे!

"ऐकलं काय जी? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छतावर सोलर बसवलं, तरी बिल येऊनच राह्यलं म्हणते!"

पलीकडच्या वहिनींनी भिंतीवरून ही बातमी टाकली, तेव्हा त्यांच्या आवाजात दुःख फारसं नव्हतं. दुसऱ्याच्या छतावर काही चमकायला लागलं की गल्लीला थोडी कळ लागतेच, त्यात आम्ही गोंदियावाले काही वेगळे नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कूलरच्या टाकीत पाइप सोडायचा आणि टाकी भरेपर्यंत भिंतीशी उभं राहायचं, हा इथला रिवाज. तेवढ्या वेळात कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं आणि कुणाला किती बिल आलं, सगळं होऊन जातं.

"मंग फायदा काय झाला बापा?"

मी म्हटलं, वहिनी, वीज जोडणी आहे तोवर स्थिर आकार भरावाच लागतो, छतावर काहीही बसवा. वाचतात ते वापरलेल्या युनिटचे पैसे. छतावरच्या सोलरसाठी केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे. पण डॉक्टरांकडे तीन खोल्यांत एसी. दीड टनाचा एक एसी भर उन्हात दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो. आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, पंपासकट धरला तरी दोनशेच्या जवळपास. एवढं ओढून घेतल्यावर छत बिचारं किती पुरवणार?

वहिनींच्या सासूबाई ओसरीवर मोहाची फुलं निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "फुटक्या माठात पाणी भरून राह्यले ते." एवढं बोलून त्या पुन्हा फुलांकडे वळल्या. ऊर्जाबचतीवर भाषणं पुष्कळ ऐकली, त्यातलं एकही एवढ्यात आटपलं नव्हतं.

"आम्ही तं शंभराच्या आतच ठेवतो," वहिनी म्हणाल्या, "शंभरावर एक युनिट गेलं का सगळंच महाग होते." हा गल्लीतला जुना समज. तसं नाही. पहिल्या शंभर युनिटला पहिलाच दर लागतो, शंभराच्या वर जेवढी जातात तेवढ्यांनाच पुढच्या टप्प्याचा. पण तो पुढचा दर चांगलाच चढा असतो, म्हणून बचत करायची ती त्या वरच्या युनिटांची. ती जातात कुठं? लोक फ्रिजकडे बोट दाखवतात, इस्त्रीवर राग काढतात. छताकडे कुणी बघत नाही. जुना पंखा 75 वॅटचा. आता मिळतो तो बीएलडीसी पंखा तेवढाच वारा देतो 30 वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिटं, तीन पंख्यांमागे पन्नासच्या जवळ. आपल्याकडे होळीपासून दिवाळीपर्यंत पंखा थांबतो कुठं?

हे मला काही स्वप्नात दिसलं नाही. पुण्यात 'प्रयास' नावाची संस्था आहे, 1994 पासूनची. तिच्या ऊर्जा गटानं पंख्याचा विषय बरीच वर्षं लावून धरला. दिव्याच्या मागे सगळे लागले होते, तेव्हा ही मंडळी पंख्याचे वॅट मोजत बसली होती. शेवटी 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यावर स्टार लेबल सक्तीचं झालं. फ्रिजवर असतं तसंच ते लेबल, दुकानात खोक्यावर बघून घ्यायचं.

वहिनी काही पटकन ऐकणाऱ्यातल्या नाहीत. "माझ्या भावानं आणला होता तसला. सहा महिन्यांत बंद पडला. वायरमन म्हणे, कार्ड गेलं. त्याच्यापाशी कार्डच नाही." हे मात्र खरं. साध्या पंख्याचा कंडेन्सर थोडक्या पैशांत कुठल्याही दुकानात मिळतो, गल्लीतलं पोरगंसुद्धा बदलतं. याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक कार्ड. वर भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवून वायरमननं पंखा जोडला, तर त्याचं बिनसतं. म्हणजे पंखा आला, पण पंख्याबरोबर यायला हवा होता तो माणूस आला नाही. माझ्या मते ऊर्जाबचतीची अर्धी कहाणी इथंच अडते.

बल्बचं बघा. 60 वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी 9 वॅटचा एलईडी. केंद्राची 'उजाला' योजना 5 जानेवारी 2015 ला सुरू झाली. सरकारी कंपनी ईईएसएलनं इतके बल्ब एकदम घेतले, की खरेदीचा भाव 2014 च्या सुरुवातीला 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 वर आला. त्यात सबसिडी नव्हती, नुसती ठोक खरेदी. बल्ब विकले वीज बिल भरायच्या खिडकीजवळ. म्हणून शहरात सगळ्यांना मिळाले. ज्यांच्या घरून वर्षाकाठी एखादा माणूस तालुक्याला येतो, त्यांनी मात्र पुढं बाजारातून घेतले.

"माझी देवरीची बहीण हेच म्हणते," वहिनी म्हणाल्या. ही बहीण बचत गटाची सचिव. तिचं म्हणणं वहिनींनी तिच्याच ठसक्यात सांगितलं: "सामान येते, फोटो निघते, मंग कोणी फिरकत नाही. बिघडलं का बाया माझ्या दारात येते. मी काय मेकॅनिक आहो?"

या वाक्यावर मी टाकी भरल्यावरही उभी राहिले. कारण हेच सगळं मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेलं आहे.

किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडे, म्हणजे आताच्या धाराशिवकडे, बायकांना घेऊन उभी राहिली ती स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था. प्रेमा गोपालन तिच्या संस्थापक, 2022 मध्ये त्या गेल्या. या संस्थेनं गटातल्या बायकांना विक्रेत्या केलं, 'सखी' म्हणून. 2006 च्या सुमारास बीपी ही बडी तेल कंपनी एक शेगडी घेऊन आली, नाव 'ऊर्जा'. आराखडा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा. आत बॅटरीवरचा छोटा पंखा, जळण म्हणजे शेंगांची टरफलं आणि उसाचा चोथा दाबून केलेल्या गोळ्या, त्यांना पेलेट म्हणतात. धूर जवळजवळ नाही, गंजाला काजळी नाही. विकणार कोण? ओळखीची बाई. ती शेजारणीच्या घरी जाऊन स्वतः भात शिजवून दाखवायची, मग शेजारीण घ्यायची. जाहिरातीनं हे झालं नसतं. चार लाखांच्या वर शेगड्या खपल्या.

"आणि मंग?"

मग पेलेट महागले. चोथ्याला कारखान्यात दुसरं गिऱ्हाईक मिळालं, कच्च्या मालाचे भाव चढले आणि ज्या गोळ्या पाच रुपये किलोच्या आसपास मिळायच्या, त्या परवडेनाशा झाल्या. धंदा तोवर बीपीकडून पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला होता. त्यांनी घरं सोडून हॉटेलं आणि मोठी स्वयंपाकघरं धरली. बायका पुन्हा लाकडाकडे वळल्या. शेगडी चांगलीच होती, बाईनं विकलीही प्रामाणिकपणे, पण जळणाची दोरी तिच्या हातात नव्हती. गावात तोंड मात्र तिलाच दाखवावं लागलं.

तरी त्या सखी घरी बसल्या नाहीत, याचं मला फार कौतुक. सौर कंदील, सौर पंप, बायोगॅस, धूर कमी करणाऱ्या दुसऱ्या चुली, जे मिळेल ते घेऊन त्या फिरत राहिल्या. महाराष्ट्र आणि बिहार मिळून हजारावर बायका या कामात तयार झाल्या. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागानं संस्थेला गौरवलं. एका शेगडीच्या कंपनीपेक्षा त्या बायांचं जाळं टिकाऊ निघालं.

चुलीच्या बाबतीत पुण्याचीच आरती संस्था मला जास्त शहाणी वाटते. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये काढलेली. त्यांच्या सुधारित चुलींना जळण तेच, आपल्या परसातलं, फक्त कमी लागतं आणि धूर कमी. गावातल्याच कुणाला तरी चूल घडवायला शिकवायचं, म्हणजे फुटली तर तोच नवी करून देतो. आयआयटी मुंबईनं 2014 पासून महाराष्ट्रासह चार राज्यांत शाळकरी पोरांना सौरदिवे दिले, तिथंही गावातल्या लोकांनाच दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं, स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन. दिवा साधा, पोराला 120 रुपयांत मिळालेला. पण बिघडला तर कुणाकडे जायचं हे पोराला माहीत.

आमच्याकडे जाळं नाही असं थोडंच आहे! माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, तेजस्विनी कार्यक्रम 2007 पासून 33 जिल्ह्यांत चालला, त्यात आपला गोंदियाही. गटांची लोकसंचालित साधन केंद्रं त्यातूनच झाली, बायकांनीच चालवलेली. त्यांना कर्जाचा हिशेब येतो, वसुली येते. पंख्याचं कार्ड बदलणं त्याहून अवघड नाही.

इतक्यात वहिनींचे यजमान ड्युटीवरून आले. राईस मिलमध्ये फिटर आहेत. अंगभर भुसा. बायकांच्या गप्पांत ते सहसा पडत नाहीत, पण मिलचा विषय निघाला की थांबवता येत नाही. गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्यांचं गाव, स्टेशनवर उतरलेल्या परक्यालाही वास सांगतो. धानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा भुसा निघतो. उसना तांदूळ करायला धान गरम पाण्यात भिजवून वाफ द्यायची, वाळवायचं, आणि ती वाफ त्याच भुशावरच्या बॉयलरची. "जळण तं फुकटच आहे भाऊ," मी म्हटलं.

"म्हणूनच कोणाले किंमत नाही," ते म्हणाले. वाफेच्या नळ्यांवरचं आवरण फाटलं तरी कुणी बघत नाही. मोटर जळली की रिवाइंडिंग करून पुन्हा बसवायची, पुन्हा जळली की पुन्हा. दर खेपेला ती जास्त वीज खाते, पण नवी मोटर घ्यायचा विषय हंगाम संपल्यावर, आणि हंगाम संपला की पैसे संपलेले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. तांदूळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन काळा दाणा हवेच्या फवाऱ्यानं उडवतं. ती हवा कंप्रेसरची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळी मिल बंद असते, चिमण्यांचा आवाज येतो एवढी शांत, आणि तरी दर काही मिनिटांनी कंप्रेसर आपोआप सुरू होतो. हवा कुणी वापरत नाही, मग तो भरतो कशाला? कुठल्या तरी जोडातून ती सुटते म्हणून. भाऊंनी बादलीत साबणाचं पाणी केलं, ब्रशनं एकेक जोड पुसला, जिथं फेस फुगला तिथं टेप आणि नवं वॉशर. खर्च चहाइतका.

"मालक काय म्हणाले?"

"म्हणे, जेवायच्या वेळी जेवत जा."

आता कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचं ऐका. त्यांचाही धंदा असाच, लहान-मोठे मालक, एकमेकांशी चुरस. 2010 च्या पुढं लहान उद्योगांची बँक सिडबी आणि ऊर्जा दक्षता ब्युरो यांनी जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी (जीईएफ) यांच्या पैशातून जो प्रकल्प केला, त्यासाठी देशातले पाच औद्योगिक समूह निवडले, त्यातला एक कोल्हापूरचा. तपासणी, सल्ला, कर्जासाठी बँकेपुढं ठेवायचा कागद, हे सगळं एका छताखाली आणायचा प्रयत्न. त्याच्याही आधी टेरी संस्थेनं ओतकामाच्या भट्टीत हवा एका ऐवजी दोन पातळ्यांवर सोडून कोक वाचवायची पद्धत रुजवायला घेतली होती, पहिली भट्टी 1998 मध्ये हावड्यात. असल्या कामाला एकटा मालक तयार होत नाही, आणि एकटी संस्था आली तर मालक तिला दारात उभं करत नाही. मधे धंद्याची संघटना असली की बोलणं होतं. दुसऱ्याच्या भट्टीवर काय वाचलं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय धंदेवाला खिशात हात घालत नाही, आणि त्यात त्याचं चूकही नाही.

आपल्याकडे मिलवाल्यांच्या संघटना आहेत, धानाच्या भरडाईचे दर आणि थकलेली बिलं यांवर त्या जोरात बोलतात. विजेच्या तपासणीला त्यांनी एखाद्या संस्थेला बोलावलं तर सुरुवातीला दोन मिलही पुरेत. राज्य शासनाची ऊर्जा विकास संस्था म्हणजे महाऊर्जा, ऊर्जा संवर्धन कायदा अमलात आणायचं काम तिच्याकडेच आहे, तिच्याकडे अर्ज करायला काय हरकत?

वहिनी हसल्या. "तिरोड्याले एवढा मोठा प्लांट, अन् आपण युनिट मोजत बसायचं?" तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता 3300 मेगावॅट, 660 चे पाच संच. ती वीज जाते राज्याच्या जाळ्यात, आपल्या तारेतून थेट येत नाही. आणि शेजारी केंद्र आहे म्हणून कुणी आपल्याला स्वस्त दर लावत नाही. जिल्ह्याला मिळतं ते काम, राख आणि वाहतूक. मोजावं तर आपल्यालाच लागणार.

देवरीच्या बहिणीला मी निरोप पाठवला आहे, तोच इथं लिहिते, कारण गटातल्या बाकी बायांनाही तो लागू आहे. पुढच्या वेळी कोणी पंखा, दिवा किंवा शेगडी घेऊन गटात आलं, तर फोटोला उभं राहण्याआधी तिघींची नावं लिहून द्या आणि सांगा, आधी या तिघींना दुरुस्ती शिकवा, सुटे भाग गटाच्या पेटीत ठेवा, जळण लागत असेल तर भाव किती दिवस बांधून देता ते कागदावर लिहा. "हो" म्हणाले तर सामान उतरवून घ्या. नाही म्हणाले तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा.