गॅसच आहे!

मराठी माणसाला हृदयविकार होत नाही. त्याला गॅस होतो. छातीत दुखलं की गॅस, डावा हात भरून आला की ‘रात्री त्यावरच झोपलो असेन’, आणि दरदरून घाम सुटला की ऑक्टोबर हीट. मग महिना जानेवारी का असेना.

मीही त्याच घराण्यातला. जिना चढताना छातीवर कुणी भरलेला दळणाचा डबा ठेवल्यासारखं व्हायचं, थांबलं की उतरायचा. मी ओवा चावला, सोडा प्यायलो, बेंबीला हिंगही लावून पाहिला. शेवटी बायकोने अपॉइंटमेंटच घेतली.

ईसीजीची पट्टी पाहत डॉक्टरांनी विचारलं, “काय करता?”

“सोसायटीचा सेक्रेटरी आहे.”

“मग समजवायला सोपं! पाइपात गाळ साचू लागला की छाती भरून येते, ते तुमचं चाललंय. पाइप अचानक तुंबला की हार्ट अटॅक. वायरिंग बिघडलं की ठोके वेडेवाकडे. दारं नीट लागेनात की झडपांचा आजार. लहानपणी घसा सुजून येणाऱ्या संधिवाताच्या तापाची ती देणगी असू शकते. आणि पंपच थकला की चालताना दम, पायांना सूज.”

“पंप बदलून मिळतो ना?”

“लगेच कोटेशन मागवू नका! केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली बदलला होता. पेशंट काही तासच जगला. आता तंत्र खूप सुधारलंय, पण तुम्हाला पंप मिळायला दुसऱ्या कुणाला तरी जावं लागतं. त्यापेक्षा मेंटेनन्स भरा.”

बिल हातात पडलं: गोळ्या वेळेवर, तंबाखू बंद, बीपी-साखर-कोलेस्टेरॉलची तपासणी, हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा! तेवढं तर आमचं लोणचं नुसतं वाढतानाच सांडतं. मीठ, लोणचं, चटणी, पापड... मराठी ताटाच्या डाव्या बाजूचं छातीच्या डाव्या बाजूशी हाडवैर आहे, हे मला साठीत कळलं. थकबाकीदारांची नावं फळ्यावर लिहिणारा मीच सर्वांत जुना थकबाकीदार निघालो.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात बसलेले दिसले. घामाघूम, हात छातीवर.

“काही नाही रे, गॅस!”

मी आधी १०८ फिरवला, मग वाद घातला. तो गॅस नव्हता.

आता ते ठणठणीत आहेत. घरी येताच त्यांनी सोसायटीकडे माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली: ‘सेक्रेटरींनी मला चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत.’