शाही स्नान

कोथरूडपासून पवईपर्यंत आता कुत्र्यांचे ‘स्पा’ निघालेत. श्वानराजांना फेशियल, अत्तर, गळ्यात बो! श्वानराज मात्र दारातच चारी पाय रोवून बसतात आणि मालक कौतुकाने सांगतात, “फार हट्टी आहे हो!” हट्टी कसला? आंघोळीची धास्ती आहे ती! घरी गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, डोक्यावर थेट शॉवर, कानाशी ड्रायरची घरघर. वर शांपू मालकाचाच. माणसाची त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची उदासीनतेकडे झुकणारी, हे कोण बघतो? पायाखाली रबरी मॅट, कोमट पाणी, ब्रश नुसता दाखवून आधी खाऊ, ड्रायर आधी दुरूनच ऐकवायचा; बहुतेकांना एवढं पुरतं. पण याचं रील होत नाही ना! तरी फेशियलचं बुकिंग करण्याआधी ती मॅट तेवढी आणाच.