साडेतीनशे मिली द्या, तीन लिटर न्या

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा यंदा रौप्यमहोत्सव. तो कसा साजरा करावा, यावर कार्यकारिणीची बैठक झाली. ऑर्केस्ट्रा परवडेना, महाप्रसाद पलीकडच्या चौकाने आधीच जाहीर करून टाकलेला. शेवटी खजिनदारांनी तोडगा काढला. "रक्तदान ठेवू. रक्त लोकांचं, पिशव्या रक्तपेढीच्या, बिस्किटंही त्यांचीच. आपला खर्च फक्त फ्लेक्सचा." ठराव एकमताने मंजूर.

फ्लेक्स लागला. वर भाऊ, खाली गॉगल लावलेले तमाम शुभेच्छुक. रक्ताचा थेंबही होता, पण एका आधारस्तंभाच्या कानामागे. शिबिराची वेळ वाचायची तर गुडघ्यावर बसावे लागे.

मग भेटवस्तूचा विषय निघाला. पलीकडच्यांनी हेल्मेट वाटलेले, म्हणजे आपण डबा वाटला तर नाक कापले जाणार. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून रक्त विकायला बंदी आहे, अशी शंका कुणीतरी काढली. सरचिटणीस तयारच होते. "पैसे कुठे देतोय? कुकर देतोय. तीन लिटरचा. झाकणावर भाऊ."

शिबिराची वेळ नऊची. रक्तपेढीची माणसे साडेआठलाच खाटा मांडून बसली. पण उद्घाटनाशिवाय सुई टोचायची नाही, असा वरून निरोप. उपाशीपोटी रक्त देऊ नये म्हणून घरून पोहे खाऊन आलेल्यांना पुन्हा भूक लागली. भाऊ पावणेबाराला आले. नारळ फुटला, भाऊ खाटेवर आडवे झाले, बाही वर, मुठीत चेंडू, चेहऱ्यावर त्याग. फोटो निघाले. नर्सताई सुई घेऊन पुढे होताच भाऊंना बीपीची आठवण झाली आणि ते पुढच्या शिबिराला रवाना झाले. चेंडूही गेला.

खरी करमणूक तपासणीच्या टेबलावर होती. तिथे निळ्या द्रावणाची बाटली. बोट टोचून रक्ताचा थेंब तीत सोडायचा. बुडाला तर पास, तरंगला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. समोरच्या वहिनींचा थेंब तरंगला. डॉक्टरांनी त्यांना तपासणी करून घ्यायला सांगितले. दिवसभरात मंडळाच्या मांडवात झालेले हे बहुधा एकमेव वैद्यकीय कार्य. वहिनींना कुकर मात्र मिळाला नाही.

कुकर कुणाला मिळाला ते ऐका. फॉर्मवर प्रश्न असतात: कावीळ झाली होती का? औषधे चालू आहेत का? याआधी कधी रक्त दिले? पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने जाऊ द्यायचे असतात. आमच्या एका कार्यकर्त्याने महिन्यापूर्वीच हेल्मेटासाठी रक्त दिलेले. कुकरच्या खोक्याकडे बघत त्याने सगळ्या प्रश्नांना 'नाही' लिहिले. रक्ताची चाचणी होते हे खरे. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीलाही चकवा बसू शकतो. तिथे दात्याचे खरे उत्तर हाच पहिला पहारा. आम्ही त्या पहारेकऱ्याला घसघशीत लाच दिली होती.

ऐंशी पिशव्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुरे. कालच एका वाढदिवसाचा साठा आलाय. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाच."

"पण डॉक्टर, आम्ही अडीचशे जाहीर केलेत!"

"रुग्ण जाहीर झालेत का तेवढे?"

अध्यक्षांना हा उद्धटपणा वाटला. पुढच्या वर्षी दुसरी रक्तपेढी बोलवायचे तिथेच ठरले.

मे महिन्यात कॉलेजे बंद, माणसे गावी, नेत्यांना वाढदिवस नाही आणि मंडळाला वर्धापनदिन नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्यांना आमची कार्यक्रमपत्रिका कुणी दिलेली नाही.

तेव्हा वाचकहो, अठरा पूर्ण असतील, वजन पंचेचाळीस किलोच्या वर असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी नाश्ता करून जवळच्या रक्तपेढीत जा. फॉर्म खरा भरा. खाटेवर दहा मिनिटे पडून राहायचे, एवढेच काम. उद्घाटन होणार नाही, कुकरही मिळणार नाही. चहा-बिस्किट मिळेल.